चार वाजेपर्यंतचं जळगाव

१९६८ च्या जानेवारीत, एका मंगळवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास, जळगावच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापूस पिंजून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, माझ्या धाकट्या भावाने उजव्या नाकपुडीत सरकी घातली. सरकी म्हणजे कापसाचं बी. तो तेव्हा दोन वर्षं आणि एक महिन्याचा होता.

आम्ही पाचोऱ्याहून सकाळच्या पॅसेंजरने जळगाव पाहायला आलो होतो. वडील, आई, तो आणि नऊ वर्षांची मी. वडिलांनी कचेरीतून एक दिवसाची रजा घेतली होती. आधी जिनिंग, मग स्टेशनचा पूल, बाजार, मेहरूणचा तलाव आणि संध्याकाळी परत, असं ठरलं होतं. जिनिंग पहिलं, कारण वडिलांचे थोरले चुलतभाऊ तिथे वजनकाट्यावर कारकून होते. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. आमच्याकडे दोन गोष्टी न सांगता पाळल्या जात. वडीलधाऱ्यांसमोर पुरुषाने स्वतःचं मूल उचलायचं नाही. आणि सुनेने मोठ्या दिराशी थेट बोलायचं नाही. काही सांगायचं असलं तर मुलांमार्फत सांगायचं.

नानांनी आम्हाला यंत्रं दाखवली. हवेत कापसाचे तंतू उडत होते. आवाज इतका होता की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. निघताना नानांनी ढिगातली मूठभर सरकी धाकट्याच्या ओंजळीत घातली.

"पहिल्यांदा उना शे पोऱ्या. रिकामा हाते कसा धाडू?" ते म्हणाले.

आई दाराजवळच्या नळावर रुमाल ओला करायला गेली होती. वडील धाकट्यापासून दोन हातांवर उभे होते. त्याचा हात नाकाकडे गेलेला त्यांनी पाहिला. नाना शेजारी होते. वडिलांनी त्याला धरलं नाही, आईला हाक मारली. यंत्रांच्या आवाजात ती तिला ऐकू गेली नाही. दुसऱ्या हाकेला तिने वळून पाहिलं. ती येईपर्यंत सरकी आत गेली होती. नाकपुडीच्या तोंडाशी तिचं पांढरं टोक तेवढं दिसत होतं.

आईने त्याचे दोन्ही हात धरले. नानांनी खिशातून तपकिरीची डबी काढली.

"नानांना सांग, तपकीर नको," आई मला म्हणाली.

"नाना, आई म्हणते..."

"काही नही व्हस. एक शिंक उनी का बाहेर पडी," नाना म्हणाले. तोवर चिमूट त्याच्या नाकाखाली गेली होती.

धाकट्याने आधी जोरात श्वास आत ओढला, मग दोनदा शिंकला. शिंकून झाल्यावर आईने पुन्हा पाहिलं. पांढरं टोक दिसत नव्हतं.

नानांनी डबी बंद केली. मुकादमाला सांगून ते आमच्याबरोबर निघाले.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांचा दवाखाना टांग्याने दहा मिनिटांवर होता. डॉक्टर दुसरीकडे ऑपरेशनला गेले होते. कंपाउंडरने बॅटरी लावून नाकात पाहिलं आणि बॅटरी विझवून तो बोलला. डॉक्टर चारला येतील. तोवर मुलाला रडू द्यायचं नाही. आडवं करायचं नाही. झोपू द्यायचं नाही. खायला काही द्यायचं नाही.

"रडला की श्वास जोरात आत ओढतो. बी मागे सरकून श्वासनळीत गेलं तर जिवावर बेतेल."

"दुसरे कोणी डॉक्टर?" वडिलांनी विचारलं.

"धुळ्याला आहेत. एसटीने अडीच-तीन तास, धक्के खात. तुम्ही ठरवा."

"मग चारपर्यंत करायचं काय?"

"रमवा त्याला. गाव दाखवा."

वडिलांच्या घड्याळात एक वाजायला पाच मिनिटं होती. आम्ही तोच टांगा चारपर्यंत ठरवला.

धाकटा खुशीत होता. आईच्या मांडीवर ताठ बसून तो घोड्याची शेपटी पाहत होता. नाना मोठ्या आवाजात ज्याचं त्याचं नाव सांगत होते. ही कापडाची पेढी. हा सायकलवाला. ही शेळी, बघ, कागद खाते. आई त्याच्या तोंडाकडे पाहत होती, वडील रस्त्याकडे.

"पाहुणे, गाव पाहायला निघालात ना?" टांगेवाला म्हणाला. "मग हसा की जरा. तोंडं तर अशी, जशी मयताला चाललीत."

वडिलांनी त्याला काय झालं ते सांगितलं.  टांगेवाल्याने घोडा संथ चालीवर आणला आणि खड्डा आला की उतरून लगाम हातात धरून टांगा पुढे काढू लागला.

स्टेशनच्या पुलावर आम्ही तीन मालगाड्या पाहिल्या. चौथ्या गाडीच्या इंजिनाने पुलाखालीच शिटी दिली. धाकट्याचा खालचा ओठ वाकला. आईने त्याला छातीशी धरलं. नानांनी धोतराचा सोगा एका हाताने वर धरला, दुसरा हात चाकासारखा फिरवला आणि त्याच शिटीचा आवाज तोंडाने काढला. पुलावरची माणसं थांबून पाहू लागली. नाना पन्नाशीचे होते, डोक्यावर काळी टोपी होती. त्यांनी आणखी आठ-दहा वेळा शिटी मारली. ओठ सरळ झाला.

बाजारात जायला नको होतं, पण रस्ता तिथूनच होता. केळ्यांचे घड दिसताच धाकट्याने हात पुढे केला.

"केलं."

"ते कच्चं आहे," आई म्हणाली.

"केलं!"

"टांगा फिरव," वडील म्हणाले. फिरवायला जागा नव्हती. टांगेवाल्याने घोड्याच्या गळ्यातली घुंगरांची माळ सोडून धाकट्याच्या हातात दिली. ती त्याला मेहरूणपर्यंत पुरली.

तलावावर पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. ही त्याची रोजची झोपेची वेळ. काठावर बोरं विकणाऱ्या बाया बसल्या होत्या. आईने त्यांच्याकडे पाठ करून त्याला पाणी दाखवलं. तीनच्या आसपास त्याची मान पडू लागली. तो तोंडाने श्वास घेत होता आणि श्वासाला बारीक आवाज येत होता. आईने त्याच्या पापण्यांवर फुंकर घातली. तो किरकिरला, अंग मागे टाकून वडिलांकडे झेपावू लागला. वडील होते तिथेच उभे राहिले. आईचा हात भरून आला होता, धाकटा घसरत होता. नाना पुढे झाले आणि त्याला खांद्यावर आडवं घ्यायला त्यांनी हात केले.

"नाना, आडवं नका करू त्याला!" आई म्हणाली.

तिला त्यांच्याशी थेट बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं. नानांचे हात थांबले.

"बरं, सूनबाई."

मग ते वळले आणि तलावाकडे तोंड करून उभे राहिले. "धाकल्या," ते वडिलांना म्हणाले, "मी पाठमोरा शे. उचल पोऱ्याले."

वडिलांनी त्याला उचलून दोन्ही खांद्यांवर बसवलं. तलावात बदकं होती. वडील ती मोजत काठाने चालू लागले. वीस झाली की पुन्हा एकपासून. मान पडली की ते त्याची पावलं हलवत आणि आकडा मोठ्याने म्हणत. परत निघाल्यावर नाना पुढे टांगेवाल्याशेजारी बसले. दवाखाना येईपर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही.

चारला दहा कमी असताना आम्ही बाकावर बसलो. डॉक्टर चार वाजून वीस मिनिटांनी आले. त्यांनी धाकट्याला चादरीत गुंडाळून वडिलांच्या मांडीवर बसवलं. आईने डोकं धरलं. वाकड्या टोकाची सळई आत गेली तेव्हा तो रडला. सरकी रक्तासकट बशीत पडली. ती फुगून जवळजवळ दुप्पट झाली होती.

डॉक्टरांनी बशी उजेडात धरली. सरकीला तपकिरीचे कण चिकटले होते. "तपकीर कोणी ओढायला दिली?"

"मी," नाना म्हणाले.

"श्वासनळीत गेली नाही, सुदैव समजा."

डॉक्टरांनी दुसरी नाकपुडी आणि दोन्ही कान तपासले. काही नव्हतं. रक्त थांबेपर्यंत अर्धा तास बसवून ठेवलं, मग सोडलं. नाना स्टेशनपर्यंत आले. ठरवलेली गाडी गेली होती, आम्ही पुढच्या पॅसेंजरने निघालो.

शिरसोली स्टेशन येण्याआधी धाकटा आईच्या मांडीवर आडवा झोपला. आईने उजव्या हाताचं बोट त्याच्या नाकाखाली धरलं. पाचोरा आलं तेव्हाही ते तिथेच होतं.