काचेमागचं ऊन

आमची लेक पाच महिन्यांची झाली तेव्हा आम्ही गुडगावात सातव्या मजल्यावर राहत होतो. खाली अजून मोहरीची शेतं होती, बिल्डिंग मात्र नवीकोरी. धूळ फार म्हणून सगळ्यांसारखी आम्हीही बाल्कनी काचांनी बंद करून घेतलेली. बाळंतपणाला साताऱ्याहून आलेली माझी आई रोज सकाळी तिथं पाय पसरून बसायची, लेकीला तेल चोळायची आणि तासभर तिथल्याच उबदार उन्हात निजवायची. काय थाट होता पोरीचा!

जानेवारीत मालिश करताना आईचा हात थबकला. लेकीच्या कानामागचं हाड दाबलं की आत जात होतं. शिवाय दूध पिताना तिचं डोकं घामानं भिजायचं. आईनं निदान करून टाकलं.

"तुझं दूध पातळ आहे. अंगी लागत नाहीये. डब्याचं सुरू कर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाच महिने रात्रंदिवस मी पोरीला पाजत होते आणि ही सरळ माझ्या दुधालाच नावं ठेवते! दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. पण बाथरूममध्ये जाऊन रडलेच, कारण तिचं खरं असेल अशी मला भीती वाटत होती.

शेवटी आम्ही दोघी लेकीला डॉक्टरांकडे घेऊन गेलो, ते म्हातारे पंजाबी होते. त्यांनी मनगटाचा एक्स-रे काढायला लावला, तो पाहून मुडदूस असल्याचं सांगितलं आणि विचारलं, "बच्चे को धूप मिलती है?"

"रोज एक घंटा," आई ठसक्यात म्हणाली.

"कहाँ?"

बाल्कनीचं ऐकून ते हसायलाच लागले. काचेतून ऊब येते, पण हाडांना लागणारं ड जीवनसत्त्व ज्या किरणांनी बनतं ते बाहेरच अडकतात, म्हणाले. अंगावरच्या दुधात ते मुळात थोडंच असतं, आणि मीही दिवसभर घरात, म्हणजे माझ्याकडेही बेताचंच. त्यांनी मला आणि लेकीला औषध लिहून दिलं.

"दूध बंद करूँ?" मी कसंबसं विचारलं.

"बिल्कुल नहीं."

माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही गच्चीवर. तिथं शेजारणी शेंगा सोलत बसायच्या आणि त्यांची पोरं उघडीवाघडी लोळायची. आधी आई त्यांना बेफिकीर म्हणायची. आता टोपडं काढताना तिचा हात जड झाला, पण तिनं ते काढलं. धुकं असलं की आम्ही सगळ्या बायका सूर्याची वाट बघत चहा प्यायचो. यार, काय गप्पा व्हायच्या! आई आठवड्याभरात हिंदीत भांडायलाही शिकली.

होळीनंतर दुसरा एक्स-रे झाला. डॉक्टर म्हणाले, हाड छान भरतंय.

"और इसका दूध?" आईनं विचारलं.

"दूध में खराबी थी ही नहीं, माताजी."

बाहेरच्या बाकावर आई माझ्याजवळ बसली. मग म्हणाली, "चुकलं माझं."

हे शब्द मी तिच्या तोंडून जन्मात ऐकले नव्हते. तेवढ्यात लेक भुकेनं कुरकुरली. मी तिथंच तिला पदराखाली घेतलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसू नये म्हणून आई स्वतःची शाल पसरून, लेकीचं पोट भरेपर्यंत आमच्यापुढं उभी राहिली.