लाईन यायच्या आधीचा नकाशा

नव्या रेल्वेलाईनमुळे झाडांचं, पाण्याचं, वस्त्यांचं काय होईल, याचा डिजिटल नकाशा करायला आम्ही वाशिम जिल्ह्यात फिरत होतो. मी कॉम्प्युटरवर, फरहीन ड्रोनवर आणि गजाननभाऊ जीपच्या स्टिअरिंगवर. अहवाल गेला, मी पुण्याच्या ऑफिसात परतलो. पण नकाशात न मावलेले किस्से माझ्याकडेच राहिले. चहाला बसलो की एकेक बाहेर येतो!

*

गजाननभाऊ रिसोडचे. रिसोडला रेल्वे नाही. पोरीला स्वतःच्या गावातून गाडीत बसवायचं, एवढीच त्यांची हौस.

"सायेब, लाईन जराशी रिसोडकडून घ्या ना!"

"भाऊ, ते माझ्या हातात नाही."

"काहून? माऊस तं तुमच्याच हातात हाये!"

*

जऊळक्याजवळ ड्रोन उडाला आणि एक काका धावतच आले. "आमच्याबी वावरात फवारा मारा!"

फरहीन म्हणाली, "काका, हा फवारत नाही, फक्त वरून पाहतो."

काकांनी कोरड्या आभाळाकडं बोट केलं. "मंग पाहून सांग माय, पानी कुठवर आलं?"

*

गावच्या बैठकीत मी पडद्यावर दाखवलं, रोह्यांना, म्हणजे नीलगायींना, लाईनीखालून जायला इथे वाट ठेवणार. भाजीचा मळा असलेली एक बाई उठली.

"रोह्याले वाट देता. माहं माहेर लाईनीच्या तिकडं हाये. मी का उडून जाऊ?"

सगळे हसले. ती हसली नाही. तिच्या पायवाटेवर मी लाल खूण केली, अहवालातही लिहिलं. पुढे काय झालं, कळलं नाही.

*

उपग्रहाच्या जुन्या चित्रावरून मी एका गावाबाहेर तळं दाखवलं होतं. जाऊन पाहतो तर नुसता खोलगट भाग आणि बाभळी! शेळ्या चारणारी एक म्हातारी भेटली.

"मावशी, इथे तळं होतं?"

"होतं ना. आमी पोरी त्यातच पोहाले शिकलो."

मी टॅब्लेटवरचा निळा डाग दाखवला. पदरानं काच पुसून ती बघतच राहिली. मी म्हटलं, आता हा पुसावा लागेल.

"मी गेल्यावर मिटवजा," ती म्हणाली.

*

एका तांड्यात बहुतेक घरांना कुलपं. माणसं ऊसतोडीला गेलेली. ओट्यावर एकटे बाबा बसलेले. पोरगा कोल्हापूरकडं होता आणि त्याचा फोन लागत नव्हता.

"तुमच्या यंत्रात कोल्हापूर दिसते का?"

फरहीननं टॅब्लेटवर तिकडचा उपग्रहाचा नकाशा उघडला. हिरवे चौकोन, पुन्हा हिरवे चौकोन.

"अजून मोठं कर, बेटा."

तिनं केलं. चित्र पार धूसर झालं. ते कधीचं होतं, हे आम्ही दोघांनीही सांगितलं नाही.

"यातच कुठीतरी असन," बाबा पुटपुटले. मग टॅब्लेट दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला आणि हळूच विचारलं,

"जेवला का रे?"