लाल टोकाची खुंटी

धुळ्यात मी पहिली शिवी दिली ती चुकीच्या माणसाला. पत्ता विचारत गेलो, दार ठोठावलं. बनियनवर एक वयस्कर गृहस्थ बाहेर आले. हातातली अर्धी जळलेली खुंटी त्यांच्यापुढे नाचवत मी ओरडलो, "ओळखलं का, हरामखोरा?"

ते निवृत्त ड्रॉइंग मास्तर निघाले. शांतपणे म्हणाले, "भाऊ, तुम्हाला शेजारचे हवालदार हवे असतील. पाचला येतात ड्युटीवरून. बसा, पाणी घ्या."

सहा वर्षं जपलेला राग घेऊन मी मास्तरांच्या ओट्यावर पाणी पीत बसलो.

ही खुंटी वाळवंटातली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फौजेतली आमची इंजिनियर कंपनी पश्चिम राजस्थानात होती. सरहद्दीवर तणाव वाढला तेव्हा आम्ही सुरुंग पेरले. पुढे तणाव निवळला आणि ते काढायचा हुकूम आला. तोवर वाळू सरकली होती. सुरुंगांच्या प्रत्येक ओळीच्या टोकाला लाल रंगाची लाकडी खुंटी होती. तिच्यापासून फीत ताणायची आणि फितीच्या कडेने गुडघ्यांवर पुढे सरकायचं. फीत चुकली की माणूस गेला.

कंपनी कमांडरने विचारलं, "व्हॉलंटिअर?"

हिलाल एक पाऊल पुढे आला. हा साक्रीकडचा, वय चोवीस. व्हॉलंटिअरला पंधरा दिवस जादा सुट्टी होती, आणि त्याला पावसाआधी आईचं घर शाकारायचं होतं. त्याच्यामागून मी. शौर्य वगैरे काही नाही. माझा चहाचा मग त्याच्या पाठीवरच्या पिट्टूत होता.

"केळीवाला, तू कसाले उना?" कशाला आलास, असं त्याने अहिराणीत विचारलं. मी फैजपूरचा, म्हणून केळीवाला. "हाई पेरनं सोपं व्हतं. उपटनं कठीन शे."

अकरा दिवस नीट गेले.

बारावा दिवस, ०५४०. थंडीने बोटं वाकत नव्हती. स्टोव्हचं रॉकेल संपलेलं. सेक्शनचे हवालदार देवराम, हे धुळ्याचे, कुठूनतरी लाकडं आणून चहा उकळत होते. जळणात मला लाल टोक दिसलं.

"उस्ताद, ही खुंटी आहे."

"पडलेली होती वाळूत. चहा पी."

मी प्यालो. वर म्हणालो, "कडक झालाय, उस्ताद." हिलाल फीत आणायला गेला होता. त्याच्या वाट्याचा मगही मीच संपवला.

०७१०. हिलालने समोर दिसली त्या खुंटीपासून फीत ताणली. ती शेजारच्या ओळीची होती. त्याच्या ओळीची आमच्या चहाखाली जळाली होती. तो गुडघ्यावर बसला, आणि धमाका झाला.

वायरलेसवर देवराम. "वन कॅज्युअल्टी. सीरियस. ॲम्ब्युलन्स भेजो. ओव्हर."

०७३५ ला गाडी आली. हिलाल तोवर थांबला नाही.

चौकशी झाली. देवराम म्हणाले, जवान फितीबाहेर गेला. मला विचारलं, "काही वेगळं पाहिलं?"

"नो सर."

कागदावर आलं, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. तेच साक्रीला त्याच्या आईला कळवलं गेलं. चुलीत उरलेली खुंटी मी पिट्टूत टाकली आणि ठरवलं, या देवरामची मान धरून साक्रीला न्यायची आणि म्हातारीपुढे त्याच्या तोंडून खरं वदवून घ्यायचं.

सर्व्हिस संपली, मी केळीत परतलो, खुंटी ट्रंकेत राहिली. बागेला पाणी धरताना, जेवताना मी देवरामला रोज मारत होतो. एकदा दाढी करताना मारलं आणि स्वतःचाच गाल कापून घेतला.

तर, पाचला देवराम सायकलवरून आले. अंगात बँकेच्या गार्डचा युनिफॉर्म. मी खुंटी ओट्यावर आपटली. ते लाल टोकाकडे बघत राहिले.

"चला साक्रीला. आत्ता. त्याच्या आईला सांगा."

"नाही येणार."

मी कॉलर धरली. मास्तर मध्ये पडले, त्यांनाही ढकललं.

"मार," देवराम म्हणाले. "पण तिथं तोंड उघडणार नाही. माझा पोरगा भरतीला उभा राहतोय."

दोन ठेवून दिल्या. मनापासून. दुसरीला त्यांची कॅप पडली, ती मीच वाकून उचलून दिली. जुनी सवय. अजून वाटतं, कॅप पडली नसती तर तिसरीही दिली असती.

घरी आलो तेव्हा हात सुजला होता. बायको मिठाच्या गरम पाण्याने शेकत होती. आजवर तिला न सांगितलेला तो चहा त्या दिवशी सांगितला, लाल टोकही सांगितलं.

"मारलं मी त्याला," म्हणालो. "पण आला नाही. हिलालच्या नावावरचा डाग तसाच राहिला."

तिने फडकं पिळलं.

"साक्रीला त्याला कशाला नेता? लाल टोक तुम्ही पण पाहिलं होतं. तुम्हाला तोंड नाही का?"