अकरा पावलांवरचा ट्रँगल

थंडीतल्या प्रवासासाठी गाडीत एक किट केलं. त्याला एकवीसशे चाळीस रुपये लागले... आणि दिलीपचा, माझ्या साळ्याचा, उजवा पाय.

टॉर्च, दोरी, घोंगडी, पट्ट्या-कात्री, बंद गाडीच्या मागे ठेवायचा लाल चमकणारा ट्रँगल. हातगाडीवर पाने-स्क्रू विकत मी दुकानापर्यंत आलो, तेव्हा कोणती वस्तू कामाची आणि कोणती रस्त्यावरून गायब होते, हे मला कोणी शिकवू नये... असं किटचा फोटो टाकून मी इथंच लिहिलं होतं.

मागच्या सोमवारी सकाळी सातला आम्ही दोघं वर्ध्याहून हिंगणघाटला निघालो. दाट धुकं, आणि वाटेत मागचं उजवं चाक पंक्चर. दिलीप ऑटो चालवतो, त्याचा हात तयार... तो जॅक लावून बसला, मी ट्रँगल ठेवला.

"भाऊजी, अजून मांगं ठेवा ना. धुक्यात काय दिसते?"

"मले इथून दिसला पायजे. कोनी उचलून नेला म्हंजे?"

"मले तं कोनी नेत नाई ना? मंग झालं!"

हसलो दोघंही.

माझे कान तिखट. मोटारसायकल दिसायच्या आधी दुधाच्या कॅनचा खणखणाट आला. "दिलीप, ऊठ!" म्हणून ओरडलो... तो गुडघ्यावरून उठेपर्यंत ती घसरत त्याच्या पायावर आली.

दूधवाल्याचे तळहात सोलले होते. सांडलेल्या दुधात बसून तो एकच सांगत होता, "काका, ट्रँगल दिसला. पन ब्रेक लावाले जागाच नव्हती जी."

पट्ट्या कामी आल्या. घोंगडीही.

दिलीपच्या नडगीत रॉड टाकलाय. ऑटो कधी चालवता येईल, डॉक्टर सांगत नाहीत. बायको माझ्याशी डब्यापुरतंच बोलते... दिलीप मात्र मी गेलो की आधी विचारतो, "भाऊजी, जेवले का?"

जुनी पोस्ट काढलेली नाही. तिच्यासोबत हेही वाचा... ट्रँगल लांब ठेवा. आपल्याला दिसेनासा झाला तरी चालेल, तो आपल्यासाठी नसतोच.

काल त्या जागी जाऊन आलो. जॅकच्या खुणेपासून ट्रँगल ठेवला होता तिथपर्यंत पावलं मोजली... अकरा.

ट्रँगल कडेच्या गवतात पडला होता. सहा दिवसांत कोणी उचलला नव्हता.