डाव्या हाताची कळ

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे टकटक म्हणतात. कॉलेजात टायपिंगच्या परीक्षेत पहिली आली तेव्हापासून. बत्तीस वर्षं तिने कचेरीत साहेबांची पत्रं बडवली. नवरा गेला, मुलगा दुसऱ्या शहरात गेला, हिची बोटं काही थांबली नाहीत. गेल्या वर्षी उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, आराम करा. हिने दोन महिन्यांत एकट्या डाव्या हाताने टाइप करायला घेतलं आणि घरबसल्या काम मिळवलं: लोकांच्या मुलाखतींचं रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढायचं.

या कामाचा सगळा जीव एका कळीत. कंट्रोल आणि स्पेसबार एकत्र दाबले की रेकॉर्डिंग थांबतं, पुन्हा दाबले की सुरू. करंगळी आणि अंगठा, एका हातात भागतं. सोमवारी सकाळपासून ते थांबेना. माणूस आपला बोलत सुटलाय, ही दाबतेय, कॉम्प्युटर ढिम्म. मग माऊस शोधा, थांबवा, हात परत कळांवर आणा. तोवर वाक्य डोक्यातून गेलेलं. शुक्रवारपर्यंत तीन मुलाखती द्यायच्या होत्या. नाहीतर काम दुसऱ्याला देऊ, असं मुलाखती पाठवणाऱ्या संस्थेच्या बाईंनी साफ सांगितलं होतं. आणि काम सुटलं की ही दिवसभर भिंतीकडे बघत बसणार, हे मला न सांगता कळत होतं.

बुधवारी तिचा फोन आला. "ताई, सवड असेल तर ये." हिने असं म्हणणं म्हणजे घराला आग लागल्यासारखंच.

दुकानदाराने सांगितलं म्हणून तिने कीबोर्ड नवा आणला होता. फरक शून्य. मी जन्मभर प्रयोगशाळेत पोरींना एकच शिकवलं, एका वेळी एकच गोष्ट बदला. घड्याळाशेजारी बारीक चित्रांची रांग होती, आपसूक सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची. एक बंद करायचा, कळ दाबून बघायची.

"व्हायरसवाला बंद. दाब."

"नाही."

"प्रिंटर. दाब."

"नाही. ताई, माझा धीर संपत चाललाय."

"माझा केव्हाच संपलाय. दाब."

सहावं चित्र हाताच्या पंजाचं होतं. ते बंद केलं आणि रेकॉर्डिंग जागच्या जागी थांबलं.

"हे कोणी बसवलं?"

"पोराने असेल. रविवारी आला होता तासभर. म्हणाला, काहीतरी घालून ठेवलंय, फोनवर समजावतो." तो फोन आला नव्हता.

मी पंजा उघडला. मदत मागायची सोय होती ती. एकट्या डाव्या हाताला सोपी पडावी म्हणून पोराने नेमकी हीच कळ निवडली होती. दाबली की त्याच्या मोबाईलवर मजकूर जाणार: आईला मदत हवी आहे. खाली यादी होती. सोमवार ते बुधवार, तीनशे सत्त्याऐंशी. पहिल्या नऊंपुढे 'वाचला', बाकी सगळ्यांपुढे नुसतं 'पोचला'.

मी त्याला तिथूनच फोन लावला.

"मावशी, मीटिंगमध्ये एकामागून एक मेसेज यायला लागले. वाटलं, प्रोग्रामच बिघडलाय. आवाज बंद करून ठेवला."

"आणि आईला फोन?"

"येत्या रविवारी करणारच होतो ना."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात टकटकने फोन काढून घेतला. "काही नाही रे, कळांचा गोंधळ होता. काम कर तू." आणि ठेवला.

"काढून टाकते हे," मी म्हटलं.

"नको. त्याने बसवलंय. दुसरी कळ दे याला. ती उजवीकडची, वरच्या कोपऱ्यातली."

"पडलीस तर तिथवर हात पोचणार आहे का तुझा?"

"तीनशे सत्त्याऐंशी वेळा पोचला की," ती म्हणाली आणि कानाला हेडफोन लावले.

शुक्रवारी दोनच मुलाखती गेल्या. तिसरी दुसऱ्या कोणाकडे गेली, आणि पुढच्या आठवड्यात हिच्याकडे एकच आली. पंजा अजून तिथेच आहे. मी आता रोज सकाळी अकराला फोन करते. ती उचलते, "आहे" म्हणते आणि ठेवते.