सायलेन्सरचा मधला डबा

सुभेदारसाहेब गुरुवारी गेले. सकाळी चहा झाला, ते खुर्चीत बसले आणि गेले. तिरडी गल्लीतून न्यायची तर त्यांची गाडी आड येत होती. त्यांच्या पत्नीनं, आमच्या वहिनींनी, चावी माझ्या हातात दिली. मी गाडी ओरछा गेटच्या बाजूला नेऊन लावली आणि परत आलो.

गाडी काढायला वेळ लागला नाही, कारण ती तोंड बाहेर करूनच उभी होती. ते ती नेहमी तशीच लावत. सगळी नोकरी रणगाडे चालवण्यात गेलेली; रणगाडा उभा करताना त्याचं तोंड निघायच्या वाटेकडे ठेवायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. घरात चपलासुद्धा ते टाचा भिंतीकडे करून ठेवत.

तुम्हीही असे लोक पाहिले असतील, जे कुठल्याही यंत्राजवळ गेले की आधी त्याला हात लावतात. सुभेदारसाहेब तळहात सपाट ठेवत, ताप बघावा तसा. आमच्या घरची पाण्याची मोटर, पिठाची गिरणी, मी ज्या कॉलेजात ग्रंथपाल होतो तिथला म्हातारा कूलर, सगळ्यांवर त्यांचा हात पडलेला. डोळे मिटून थोडा वेळ थांबत आणि म्हणत, "हात लावून बघा की, प्रोफेसर. बोलतंय."

मी प्रोफेसर नाही, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. त्यांना ते ऐकू आलं नाही, की ऐकून त्यांनी सोडून दिलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

ते मूळचे साताऱ्याकडचे. शेवटचं पोस्टिंग झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत होतं. निवृत्त झाल्यावर गावी जायच्याऐवजी त्यांनी झाशीत, आमच्या शेजारी, घर घेतलं. आमचं घराणं इथे पिढ्यान्‌पिढ्यांचं, त्यामुळे माझ्या मराठीत हिंदी कधी शिरते ते मला कळत नाही. त्यांना कळे. "तुमची मराठी अर्धी पेशव्यांची आन् अर्धी भाजीवाल्याची," ते म्हणत. मीही मग त्यांच्या हिंदीवर बोलत असे. ते भाजीवाल्याला "भैया, ताजा है क्या रे?" असं अस्सल सातारी हेल काढून विचारत, आणि भाजीवाला न चुकता उत्तर देई, "हओ साहब, ताजो है."

कान रणगाड्यांनी नेले होते. आधी बारीक आवाज गेले: चिमण्या, दाराची घंटा, फोनमधले नातवंडांचे आवाज. मग बहुतेक माणसं गेली. जाड, खालचे आवाज तेवढे उरले, तेही डाव्या कानात जास्त. कानात घालायचं यंत्र मिळालं होतं. ते कोटाच्या खिशात असे. "त्यानं भांडी ऐकू येत्यात, माणसं नाही," ही त्यांची तक्रार.

वहिनींचा आवाज मात्र जाड आहे. लग्नात नवऱ्याकडच्या एका आत्यानं म्हणे विचारलं होतं, "पोरीला सर्दी झालीया का?" ती सर्दी जन्मभर टिकली, असं वहिनी स्वतःच सांगतात. ज्या आवाजाला सासरी नावं ठेवली, तोच शेवटी सुभेदारसाहेबांना ऐकू येणारा आवाज राहिला. पण तोही घरात नाही. घर रस्त्यालगत. टेम्पो, कुकर, कूलर, समोरच्या देवळातला भोंगा. त्या सगळ्यात वहिनींचा आवाज विरून जाई, आणि दोघं खुणांवर दिवस काढत.

मग त्यांनी गाडी घेतली. बबीन्याहून बदली होऊन निघालेल्या एका तरुण अधिकाऱ्याची, लाल, बुटकी, पळणारी गाडी. तशा गाड्या आमच्या गल्लीनं फक्त पोरांच्या मोबाइलवर पाहिल्या होत्या. "सूबेदार साहब को जवानी चढ़ी है," गल्ली म्हणाली. मलाही तसंच वाटलं. दर गुरुवारी ते वहिनींना शेजारी बसवत, काचा वर करत आणि निघून जात. कधी ओरछ्याला, कधी बबीन्याच्या रस्त्यानं, कधी पार मऊरानीपुरापर्यंत. तिथे काही काम नसे. चहा पिऊन परत येत.

अडचण अशी होती की त्या गाडीचं इंजिन फार गुपचूप चाले. बारीक गुणगुणे, आणि बारीक तेच त्यांना ऐकू येत नसे. त्यामुळे गिअर कधी बदलायचा ते कळेना. पहिल्या गिअरमध्ये गाडी किंचाळत गल्ली पार करी आणि आत हे शांतपणे बसलेले. मी म्हटलं, "समोर काटा आहे ना, तो बघून बदला."

"काट्याकडं बघून गिअर टाकायचा म्हणजे घड्याळाकडं बघून भूक लागायची," ते म्हणाले. "इंजिन बुडानं ऐकायचं असतंय, प्रोफेसर."

तरी त्यांनी काटा बघून पाहिला. काट्याकडे बघता बघता ओरछा गेटजवळ भोपळ्यांच्या ढिगात गाडी घातली. कुणाला लागलं नाही. पण पुण्याहून मुलाचा फोन आला. तो वाईट मुलगा नाही. त्यानं आईला सांगितलं, "मी दिवाळीला येतो. बाबांच्या शेजारी बसून बघतो. गिअर धड पडत असतील तर राहू दे. नसतील तर गाडी विकून टाकू, आई. उगाच कुणाचा जीव जायचा."

सुभेदारसाहेबांनी यावर वाद घातला नाही. मला म्हणाले, "बरोबर बोलला. चला, सायलेन्सर बदलू."

आमचे मिस्त्री कालपीच्या बाजूचे, बोलके. पोरांच्या मोटारसायकलींना आवाज बसवून देण्यात त्यांची ख्याती. त्यांनी गाडी वर चढवली आणि खालची नळी दाखवली. इंजिनाजवळ धूर स्वच्छ करणारा तुकडा, मध्ये एक लांबट डबा, शेवटी मोठा डबा. म्हणाले, "साहब, तीनों निकाल दो, सीधा पाइप डाल दो। पूरी झाँसी पलट के देखेगी।"

"झाँसी को क्यों दिखाना है?" सुभेदारसाहेब म्हणाले. "पहिला तुकडा राहील. धूर आपला असला तरी नाक लोकांचं आहे. और ऐसा आवाज़ नहीं चाहिए कि पुलिस पकड़े। जाड आवाज पाहिजे, मोठा नको. समझे?"

मिस्त्री माझ्याकडे बघू लागले. मी भाषांतर केलं.

मग निवड सुरू झाली. अशी निवड मी पुन्हा पाहिली नाही. मिस्त्री एकेक शेवटचा डबा जोडत, कुणीतरी आत बसून अॅक्सिलरेटर दाबत असे, आणि सुभेदारसाहेब मागे उभे राहून डिकीवर तळहात ठेवत. एक डबा त्यांनी "पत्र्याची डफली" म्हणून नाकारला. एक "खोकल्याची उबळ" म्हणून. शेवटी मधला डबा काढून तिथे सरळ नळी घातली आणि मागे एक रुंद डबा बसवला, तेव्हा त्यांचे डोळे मिटले ते उघडेचनात.

"बोलतंय," ते म्हणाले. "रणगाडा लांबून यायला लागला की असाच जमिनीतनं येतोय."

आम्ही परत आलो तेव्हा गल्लीत त्यांचे सगळे गिअर जागच्या जागी पडले. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरच्या गुरुवारी ते लवकर परतले. शुक्रवारी कॉलेजात ग्रंथालयात आले. एरवी कूलरला हात लावल्याशिवाय ते बसत नसत. त्या दिवशी सरळ येऊन माझ्यासमोर बसले.

"संपलं, प्रोफेसर."

"काय संपलं?"

त्यांनी डाव्या कानाला बोट लावलं. "ती बी ऐकू येईना. काल सगळा रस्ता बोलत होती. ओठ दिसत होते. मी आपला हं हं करत बसलो."

ते टेबलावरच्या एका पुस्तकाची पानं न वाचता उलटत राहिले. मग म्हणाले, "नोकरीभर मी लांब होतो. हिनं घर एकटीनं चालवलं. बोलायचं राहिलेलं सगळं. घरात काय कानावर पडत नाही. गाडीत काचा वर केल्या की ती डाव्या अंगाला असती, आन् सगळं कळतंय. म्हणून घेतली गाडी. पळवायला नाय घेतली." पुस्तक मिटून ठेवलं. "आता मुलाला सांगतो, विकून टाक. गिअरचं काय घेऊन बसायचं."

गल्लीनं आणि मी इतके दिवस त्या लाल गाडीत एक हौशी म्हातारा पाहिला होता. ती त्या दोघांची बोलायची खोली होती.

कान तपासायला डॉक्टरकडे जाऊ, म्हटलं. ते नको म्हणाले. निदान एकदा मला तुमच्याबरोबर घेऊन चला, म्हटलं. का म्हटलं ते मलाही ठाऊक नव्हतं. माणूस दुःखात असला की त्याच्याबरोबर जाऊन बसायचं, एवढंच मला येतं.

रविवारी आम्ही तिघं बबीन्याच्या रस्त्याला लागलो. मी मागे. गाव संपेपर्यंत सगळं छान होतं. गिअर बदलताना मागून एक भरदार हुंकार येई, आणि तो ऐकून ते बरोबर पुढचा गिअर टाकत. मग मोकळा रस्ता लागला, गाडी एका वेगावर स्थिर झाली आणि आत काहीतरी भरू लागलं. देवळातली मोठी घंटा वाजून गेल्यावर गाभाऱ्यात जे उरतं, तसं. फक्त ते थांबेना. छातीत, दातांत, सीटमध्ये, सगळीकडे एकच घुमणं. पुढे वहिनींचे ओठ हलत होते. मी पुढे वाकलो. आणखी वाकलो. माझे कान धड आहेत, आणि मला एक शब्द कळत नव्हता.

"मलाही ऐकू येत नाहीये!" मी ओरडलो. त्यांच्या खांद्याला धरून हलवलं. "सुभेदारसाहेब! मलाही नाही!"

त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. घुमणं थांबलं आणि त्या शांततेत वहिनींचं वाक्य अर्ध्यातून सुरू झालेलं ऐकू आलं, "...आणि माझ्या बहिणीला काय सांगायचं ते तरी सांगा!"

"काय म्हनालीस?"

"बहिणीला काय सांगायचं!"

त्यांना ते ऐकू आलं. ते आधी बायकोकडे, मग माझ्याकडे वळून बघत राहिले. "तुम्हाला बी नाही?"

"एक अक्षर नाही."

मग ते हसायला लागले. स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसले, खांदे हलेपर्यंत. वहिनींना काही उमगलं नव्हतं, त्या मला म्हणाल्या, "भावजी, ह्यांना झालं काय?" ते हसता हसता म्हणाले, "अगं, कान नाही गेले. सायलेन्सर चुकलाय!" आणि डोळे पुसले.

चूक त्यांच्यासारख्यालाच होणारी होती. त्यांनी आवाज निवडला तो बाहेर उभं राहून, तळहातानं. हाताला जे सुंदर लागलं, तेच बंद गाडीत वहिनींच्या आवाजावर जाऊन बसत होतं. दोन्ही जाडच. आणि नोकरीभर रणगाड्याच्या घुमण्यात बसलेल्या माणसाला ते एकसारखं घुमणं आवाज वाटलं नाही, शांतता वाटली.

परत मिस्त्रींकडे गेलो. या वेळी सुभेदारसाहेबांनी हात कुठेच ठेवला नाही. त्यांनी वहिनींना पुढच्या सीटवर बसवलं, स्वतः चालकाच्या जागी बसले, काचा वर केल्या. मी मागे, न्यायाधीश म्हणून. प्रत्येक जोडणीनंतर मोठ्या रस्त्यावर एक फेरी. वहिनींनी बोलायचं, त्यांनी तेच परत म्हणून दाखवायचं.

"गॅस संपत आलाय," वहिनी म्हणाल्या.

"घास संपत आलाय."

"नाही. हा नको," मी म्हणालो.

मिस्त्री कपाळाला हात लावत. "लोग आवाज़ बढ़वाने आते हैं, साहब। आप माताजी को बैठा के घटवा रहे हो।"

शेवटी मधला डबा परत आला, पहिल्यापेक्षा लांब. मागचा रुंद डबा तसाच ठेवला. गाडीनं जोर घेतला की तो बोले. वेग स्थिर झाला की मधला डबा त्याला गप्प करी. बबीन्याच्या रस्त्याला वहिनी म्हणाल्या, "तुम्ही बदलीवर असताना मी किती वेळा आजारी पडले, ते तुम्हाला कधी कळवलं नाही."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, हाही डबा गेला. मग त्यांनी गिअर उतरवला, गाडी हळू केली आणि म्हणाले, "कळवायचं होतंस की गं."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. मिस्त्रींना सांगितलं, हाच ठेवा.

दिवाळीला मुलगा आला. तो वडिलांच्या डाव्या बाजूला बसला, वहिनी आणि मी मागे. मुलाचा आवाज बारीक. त्यानं वाटेत बरंच विचारलं, वडिलांना काही कळलं नाही. पण गिअर एकही चुकला नाही. बबीन्याला चहा झाला. परत निघताना मुलानं पुढचं दार उघडून आईला म्हटलं, "तू बस इथं. माझं काही ऐकू येत नाही त्यांना." गाडी विकायचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

त्यानंतरचे गुरुवार मला मोजता येणार नाहीत. संध्याकाळी तो भरदार हुंकार गल्लीच्या तोंडाशी आला की समोरच्या देवळातले पुजारी म्हणत, "आ गए सूबेदार साहब." मग गाडी थांबे, मागे वळे आणि तोंड बाहेर करून उभी राही. दोघं उतरत. बहुतेक वेळा वहिनींचं बोलणं चालूच असे.

गाडी आता आमच्या गल्लीतच आहे, तोंड बाहेर करून. मुलानं ती आईजवळ ठेवली. गुरुवारी मी ती बबीन्याच्या रस्त्यावर घेऊन जातो. मला गिअर काटा बघूनच टाकावे लागतात. वहिनी डावीकडे बसतात, काचा वर करतात आणि अजून मोठ्यानंच बोलतात.