बॉयलरसाहेबांच्या टाकीवरचा तवंग

बॉयलर तपासनीस म्हणून छत्तीस वर्षं नोकरी केल्यावर अंगात जी शिस्त मुरते, ती निवृत्तीच्या दिवशी कार्यालयात जमा करून येता येत नाही. बॉयलरसाहेबांनी ती घरी आणली. पहिल्या महिन्यात त्यांनी कुकरच्या शिट्ट्यांवर देखरेख केली, दुसऱ्या महिन्यात गिझरचे दोष कागदावर मांडले, आणि तिसऱ्या महिन्यात बायकोने मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, की ह्यांच्या हाताला काहीतरी काम आणून दे, नाहीतर मी माहेरी निघून जाईन. माहेरच्या घराला वीस वर्षांपासून कुलूप होतं, पण मुलगा काय ते समजला. आठवड्याभरात दिवाणखान्यात चार फुटी काचेची टाकी आली. बारा गप्पी, तीन एंजल आणि काचेला तोंड चिकटवून बसणारा एक काळा मासा. दिवसभर जागचा हलायचा नाही आणि सगळ्यांवर नजर ठेवायचा, म्हणून बायकोने त्याचं नाव मुकादम ठेवलं.

साहेबांचा जीव माशांपेक्षा यंत्रांवर जास्त. पाणी गाळणारा फिल्टर, हवेचा पंप आणि पाणी उबदार ठेवणारा हीटर, तिघांची रोज सकाळ-संध्याकाळ तपासणी व्हायची. हीटरच्या चकतीवर सव्वीस अंश दिसले की वहीत सव्वीस. वेगळा थर्मामीटर लावा असं दुकानदाराने सुचवलं होतं. साहेबांनी त्याला दाबमापकांवर अर्धा तास ऐकवलं आणि थर्मामीटर न घेताच परत आले.

एका रविवारी सकाळच्या चहाच्या वेळी सगळे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडत होते. साहेबांनी हीटर पाहिला. चकतीवर सव्वीस. त्यांना वाटलं, भूक लागली असेल. सूनबाई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिने पाण्यात बोट बुडवलं.

"बाबा, हे पाणी आंघोळीला चालेल."

तिच्या पेटीतला प्रयोगशाळेचा थर्मामीटर टाकीत सोडला, तर पारा चौतीसला टेकला. हीटरच्या आतला खटका चिकटला होता आणि तो बंदच होत नव्हता. अशाच चिकटलेल्या खटक्यासाठी साहेबांनी अख्खे कारखाने थांबवले होते. त्यांचे कान लाल झाले, पण त्यांनी डोकं शांत ठेवलं. मुलगा बर्फ घेऊन धावला, त्याला त्यांनी दारातच अडवलं. तापलेल्या भांड्यावर गार पाणी ओतू नये, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. हीटर बंद केला, झाकण काढलं, टेबलफॅन लावला आणि बादल्या वाहून तांब्या-तांब्याने पाणी बदललं. दुपारपर्यंत पारा उतरला. एकही मासा दगावला नाही. साहेबांचं उजवं मनगट मात्र मुरगळलं.

मनगटाला ते मलम लावू लागले. डोक्यात झिणझिण्या येतील असं कापूर-पुदिन्याचं मलम, दिवसातून तीनदा, घड्याळ लावून. तिसऱ्या दिवशी नवा हीटर आला, सोबत थर्मामीटरही. साहेबांनी बाही वर सरकवली आणि कोपरापर्यंत हात घालून दोन्ही स्वतः बसवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर सप्तरंगी तवंग होता. दोन गप्पी तळाशी आडवे पडले होते आणि बाकीचे पुन्हा वर येऊन धापा टाकत होते. पारा सव्वीसवर होता. म्हणजे यंत्रं निर्दोष, आणि मग दोष माणसांचा. साहेबांनी जेवणाच्या टेबलाशी बसून एकेकाचे जबाब घेतले. मुलाने आदल्या दिवशी ऑफिसला जाताना टाकीजवळ अत्तर मारल्याचं कबूल केलं. सूनबाईने नखं रंगवली होती, पण आतल्या खोलीत. बायकोला त्यांनी आदल्या संध्याकाळच्या तळणाबद्दल विचारलं.

"तळण केलं," ती म्हणाली. "मासे नाही तळले."

हेही त्यांनी लिहून घेतलं. तेवढ्यात सूनबाईने पृष्ठभागावरचं पाणी कपात घेऊन नाकाशी धरलं. मग ती सासऱ्यांजवळ आली.

"बाबा, पाण्याला तुमच्या मनगटाचा वास येतोय."

साहेबांनी कप हुंगला, मनगट हुंगलं, पुन्हा कप हुंगला. छत्तीस वर्षं त्यांच्यासमोर माणसं उभी राहिली होती, तोंडाला कोरड पडलेली, हातांचं काय करावं ते न सुचलेली. साहेब त्यांना बेरकी समजत आले होते. आता त्यांनाही हातांचं काय करावं ते सुचेना, विशेषतः उजव्याचं.

सूनबाईने वेळ घालवला नाही. तिने कोरे टिपकागद पाण्यावर पसरून एकेक उचलले, त्यासरशी तवंग उचलला गेला. निम्मं पाणी बदललं. फिल्टरमध्ये वास शोषणाऱ्या कोळशाची पिशवी ठेवली. साहेबांना तिने टाकीपासून सहा हात लांब बसवलं होतं. संध्याकाळी मासे खाली उतरले, तसा बायकोने जबाबांचा कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं.

"मलम लावल्यावर हात धुतला होता?"

"नाही."

"का नाही?"

साहेबांनी बाही मनगटावर ओढली. "मला वाटलं, मी तपासणारा."

तिने ते लिहिलं नाही. पेन मिटवून चहा टाकायला उठली.

मनगट बरं होईपर्यंत टाकीत हात बायकोने घातला. साहेब खुर्चीवरून सूचना द्यायचे, ती त्यातली एखादी ऐकायची. गप्पी तिच्या बोटांशी येऊन टोचू लागले, हे मात्र साहेबांना जरा लागलं. महिन्याभरात पिल्लं झाली. शेजारच्या शिंपीकाकांना थोडी हवी होती, म्हणून साहेब स्वतः बरणी घेऊन गेले आणि तासभर परतलेच नाहीत. बायको बघायला गेली, तर ते मशीनजवळच्या स्टुलावर बसून मलमाची हकिगत पहिल्यापासून सांगत होते, कुणी विचारलं नसताना. शिंपीकाकांनी हातातलं काम केव्हाच बाजूला ठेवलं होतं.